इंग्लंडमधलं एफई कॉलेज: दार सगळ्यांना उघडं, पैशाचा हिशेब मात्र ज्याचा त्याचा

ब्रिटनमधल्या शिक्षणाचा विषय निघाला की मराठीत बोलणं दोनच गोष्टींभोवती फिरतं: एक तर तिथल्या शाळा, नाही तर विद्यापीठं. या दोहोंच्या मधे एक तिसरी संस्था आहे आणि गावातल्या माणसाचा तिच्याशी विद्यापीठापेक्षा जास्त संबंध येतो. तिचं नाव फर्दर एज्युकेशन कॉलेज, थोडक्यात एफई कॉलेज. घरातला नळ दुरुस्त करायला येणारा प्लंबर, पाळणाघरात मुलं सांभाळणारी ताई, गॅरेजमधला मेकॅनिक, सलूनमधली मुलगी, वृद्धाश्रमातली काळजीवाहक, हॉटेलातला आचारी, यांच्यापैकी कितीतरी जण अशाच कॉलेजात शिकलेले असतात. नुसत्या इंग्लंडमध्ये अशी कॉलेजं दोनशेच्या आसपास आहेत आणि वर्षाकाठी १५ लाखांहून अधिक लोक तिथे शिकतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे, म्हणून हा लेख इंग्लंडपुरताच.

वाचताना मनात येईलच: म्हणजे आपलं आयटीआय की! अर्धं उत्तर हो. वर्कशॉप, ट्रेड, युनिफॉर्म, हाताला लागलेलं ग्रीस, हे सगळं तिथेही आहे. पण एफई कॉलेजात शाळेत नापास झालेला मुलगाही येतो आणि पदवीच्या बरोबरीचा कोर्स करणारा नोकरदारही. सीरियातून आलेली, इंग्रजीची अक्षरं गिरवणारी आई येते. नोकरी गेल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी गॅस बॉयलरचं काम शिकणारा गृहस्थ येतो. शिकायला अडचण असलेली मुलं येतात. त्यांच्यासाठी मदतीचा जो सरकारी आराखडा असतो तो गरज असेल तर २५ व्या वर्षापर्यंत चालू राहतो, आणि शाळा संपल्यावर अशा मुलांना सामावून घेणारी जागा बहुतेक गावांत हीच असते.

कोर्सची यादी कुठल्याही कॉलेजच्या माहितीपत्रकात मिळते. ती वाचून कॉलेज समजत नाही. एकाच वर्कशॉपमध्ये, एकाच शिक्षकाच्या हाताखाली, शेजारीशेजारी उभे असलेले तीन विद्यार्थी घ्या. एकाची फी सरकार भरतं, दुसऱ्याची त्याचा मालक भरतो, तिसऱ्याने कर्ज काढलेलं असतं. हे तीन पैसे तीन वेगळ्या खिशांतून, तीन वेगळ्या नियमांनी येतात. कॉलेजात काय शिकवलं जातं, काय बंद पडतं आणि कोणाला दारातूनच परत जावं लागतं, हे त्यावरून ठरतं.

सोळाव्या वर्षीची वाटणी

इंग्लंडमध्ये मुलं सोळाव्या वर्षी जीसीएसई ही परीक्षा देतात. साधारण आपली दहावी. गुण ९ ते १ अशा श्रेणींत मिळतात. ९ सर्वांत वर, आणि ४ म्हणजे पास समजलं जातं. ऑगस्टच्या उत्तरार्धात एका गुरुवारी निकाल लागतो आणि वाटणी सुरू होते. ज्यांना ए लेव्हल (साधारण आपली बारावी) करून विद्यापीठात जायचंय ते शाळेच्याच सिक्स्थ फॉर्ममध्ये किंवा सिक्स्थ फॉर्म कॉलेजात जातात. बाकीच्यांपैकी बरेच जण एफई कॉलेजची वाट धरतात. काही थेट अप्रेंटिस म्हणून नोकरीला लागतात. घरी बसायची मात्र सोय नाही: २०१५ पासून अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत कुठल्या ना कुठल्या शिक्षणात किंवा प्रशिक्षणात असणं कायद्याने बंधनकारक आहे.

इथे 'लेव्हल' हा शब्द सतत कानावर पडतो, तो एकदा समजून घेतला की पुढचं सोपं जातं. जीसीएसईला ४ ते ९ श्रेणी मिळाली की तुम्ही लेव्हल २ वर आहात. ए लेव्हल म्हणजे लेव्हल ३. एचएनसी आणि एचएनडी हे पदवीच्या अलीकडचे व्यावसायिक कोर्स अनुक्रमे लेव्हल ४ आणि ५, बॅचलर्स पदवी ६, मास्टर्स ७, पीएचडी ८. लेव्हल १ च्याही खाली 'एंट्री' म्हणून पायरी आहे, जिथे वाचता-लिहिता येण्यापासून सुरुवात होते. एफई कॉलेजात एंट्रीपासून ५ पर्यंत, काही ठिकाणी त्याच्याही वरचं शिकवलं जातं. विद्यार्थ्याचं वय काय हे इथे फारसं बघितलं जात नाही, आधीची लेव्हल बघितली जाते. लेव्हल १ चा वीटकामाचा वर्ग सोळा वर्षांच्या मुलांनी भरलेला असेल, पण त्यात तीस वर्षांचा एखादा असला तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत.

लेव्हल ३ वर मात्र नावांचं जंगल आहे. वर्षानुवर्षं बीटेक नावाचे कोर्स चालत आले. नावावरून आपल्याला इंजिनिअरिंगची पदवी वाटते, पण तिचा याच्याशी काहीही संबंध नाही. २०२० पासून टी लेव्हल आले. दोन वर्षांचा एक टी लेव्हल तीन ए लेव्हलच्या बरोबरीचा धरतात आणि त्यात किमान ३१५ तास खऱ्या कामाच्या ठिकाणी काढावे लागतात. २०२५ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत व्ही लेव्हल हा आणखी एक प्रकार जाहीर झाला. सरकार बदलतं, मंत्री बदलतो, आणि प्रत्येकाला लेव्हल ३ ला नवं नाव द्यावंसं वाटतं. कॉलेजातल्या शिक्षकांनी हा खेळ इतक्यांदा पाहिलाय की नव्या नावाची घोषणा झाली की ते आधी जुनी फाईल जपून ठेवतात, असं म्हणायला हरकत नाही.

एक नियम मात्र टिकून आहे आणि त्याच्यावरून वर्गावर्गात कुरकुर चालते. इंग्रजी किंवा गणितात ४ श्रेणी मिळाली नसेल तर कॉलेजात आल्यावरही तो विषय चालू ठेवावाच लागतो. २०१४ पासून ही कॉलेजला पैसे मिळण्याची अट आहे. ३ श्रेणीपर्यंत पोचलेल्याला पुन्हा जीसीएसईलाच बसावं लागतं. त्याहून खाली असेल तर फंक्शनल स्किल्स हा सोपा पर्याय चालतो. म्हणजे केस कापायला शिकायला आलेली मुलगी आठवड्याचे काही तास पुन्हा त्याच समीकरणांपुढे बसते, ज्यांनी तिला शाळेत रडवलं होतं. उन्हाळ्याच्या फेरपरीक्षेत १७ वर्षांच्या आणि त्यावरच्यांचा निकाल पाहिला तर दर पाच जणांत साधारण एक पास होतो. हिशेब आला पाहिजे यात वाद नाही. प्लंबरला पाइपाचा उतार काढता यायलाच हवा. पण पाचांतले चार जण दरवर्षी पुन्हा नापास होणार हे माहीत असून त्यांना त्याच पेपराला बसवणं मला तरी शिक्षण वाटत नाही.

भिंत बांधायची आणि पाडायची

आता जरा वर्कशॉपमध्ये जाऊ. वीटकामाच्या शेडमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला जमिनीवर आखून दिलेली एक जागा असते. तिथे तो भिंत उभारतो. तिथली प्रमाण वीट ६५ मिलिमीटर उंच असते, तिच्याखालचा मालाचा सांधा १० मिलिमीटरचा. एक थर ७५ मिलिमीटर, चार थर झाले की बरोबर ३०० भरले पाहिजेत. मुलगा चार थर लावतो, पट्टी लावतो, ३०८ येतं. सांधे जाड झाले. ओळंबा लावला तर कोपरा बाहेर झुकलेला. मास्तर काही न बोलता पाणसळ भिंतीवर ठेवतो आणि बुडबुडा कुठे जातो ते मुलाला बघू देतो.

या मालात सिमेंट नसतं. चुना आणि वाळू एवढंच. मुद्दाम. सिमेंट घातलं तर भिंत कायमची घट्ट होईल. चुन्याचा माल हाताने पाडता येईल एवढाच धरतो. काम तपासून झालं की भिंत पाडायची, विटा खरवडून साफ करायच्या, रचून ठेवायच्या, माल पुन्हा कालवायचा. एकच वीट कित्येक तुकड्यांच्या हाताखालून जाते. विटा साफ करणं हाही शिक्षणाचा भाग आहे, कारण साइटवर नवख्या पोराला पहिल्या दिवशी मिळणारं काम याहून फार वेगळं नसतं.

सलूनचा प्रकार वेगळा. सुरुवात टेबलाला क्लॅम्पने बसवलेल्या डमी डोक्यावर होते, मग वर्गातल्या मैत्रिणी, आणि शेवटी गावातले खरे गिऱ्हाईक. बहुतेक कॉलेजांचं सलून लोकांसाठी खुलं असतं, दर बाहेरच्यापेक्षा कमी, पण वेळ भरपूर लागतो, कारण प्रत्येक टप्प्यावर शिक्षिका येऊन बघते. रंग लावायचा असेल तर आधी त्वचेवर थोडासा लावून ४८ तास थांबावं लागतं. घाईत असलेल्या गिऱ्हाइकालाही या नियमातून सूट नाही. केटरिंगच्या विभागाचं स्वतःचं रेस्टॉरंट असतं. आत मुलं रांधतात, बाहेर मुलं वाढतात, आणि दुपारच्या जेवणाला गावातले निवृत्त लोक नेमाने येतात. कॉलेज 'स्थानिक समाजासाठी' आहे असं जे म्हणतात ते सगळ्यात सरळपणे इथे दिसतं.

कोर्स पूर्ण, पण इलेक्ट्रिशियन नाही

बाहेरून येणाऱ्याला, आणि इंग्लंडमधल्या पालकांनाही, सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट ही. पूर्णवेळ कॉलेज करून, लेव्हल २ आणि मग लेव्हल ३ चा इलेक्ट्रिकल डिप्लोमा घेऊनही तुम्ही पात्र इलेक्ट्रिशियन होत नाही.

कारण डिप्लोमा हा ज्ञानाचा आणि वर्कशॉपमधल्या सरावाचा दाखला आहे. उद्योगाला हवा असतो तो प्रत्यक्ष साइटवर काम केल्याचा पुरावा. त्यासाठी एनव्हीक्यू लेव्हल ३ लागतो, आणि तो वर्गात बसून मिळत नाही. चालू असलेल्या खऱ्या बांधकामावर केलेल्या वायरिंगचे फोटो, तपासणीची कागदपत्रं, निरीक्षकाने येऊन पाहिलेलं काम, हे सगळं फाईलमध्ये जमा करत जायचं. त्यानंतर एएम२ नावाची प्रात्यक्षिक परीक्षा, अडीच दिवसांची. ती पास झाली की ईसीएसचं, म्हणजे इलेक्ट्रिकल उद्योगाच्या ओळखपत्र योजनेचं, गोल्ड कार्ड मिळवता येतं, आणि हे कार्ड दाखवल्याशिवाय मोठ्या साइटवर इलेक्ट्रिशियन म्हणून कोणी उभं करत नाही.

एएम२ मध्ये काय बघतात याचा एक नमुना. सर्किटला हात लावण्याआधी वीज खरोखर बंद आहे हे सिद्ध करायचं. ब्रेकर पाडला, त्याला कुलूप घातलं, 'काम चालू आहे' ची पाटी अडकवली, किल्ली स्वतःच्या खिशात. मग टेस्टर हातात घ्यायचा, पण थेट सर्किटवर लावायचा नाही. आधी तो टेस्टरच चालतोय का हे ठरावीक यंत्रावर तपासायचं. मग फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ, असं तीन ठिकाणी लावून वीज नाही याची खात्री करायची. आणि त्यानंतर पुन्हा एकदा टेस्टर त्याच यंत्रावर, कारण मधल्या मिनिटभरात टेस्टरच बिघडला असेल तर 'वीज नाही' हे उत्तर खोटं. कॉलेजात हे इतक्यांदा करून घेतात की मुलांना झोपेतही यावं.

हे सगळं येत असलेला मुलगा दोन-तीन वर्षांनी कॉलेजातून बाहेर पडतो आणि त्याला साइट मिळत नाही. छोटा कंत्राटदार म्हणतो, अनुभव आण. अनुभव यायला नोकरी हवी, नोकरीला कार्ड हवं, कार्डाला अनुभव हवा. या फेऱ्यात अडकलेली मुलं खूप आहेत, आणि प्रवेशाच्या दिवशी त्यांना हे नीट समजावून सांगितलेलं असतंच असं नाही. वर्ग भरणं कॉलेजच्या फायद्याचं आहे आणि 'पुढे मालक शोधावा लागेल' हे वाक्य माहितीपत्रकात बारीक अक्षरात जातं. अप्रेंटिसशिपचं महत्त्व इथे कळतं: तिथे मालक आधी, कॉलेज नंतर.

अप्रेंटिस म्हणजे पगारी नोकर. इलेक्ट्रिकलची अप्रेंटिसशिप साधारण चार वर्षं चालते. आठवड्यातला एक दिवस किंवा ठरावीक आठवडे कॉलेजात, बाकी दिवस कामावर. पगार सुरुवातीला तुटपुंजा. एप्रिल २०२५ पासून अप्रेंटिसचं किमान वेतन तासाला ७.५५ पौंड होतं. पण फी शून्य, आणि एनव्हीक्यूला लागणारा पुरावा रोजच्या कामातूनच तयार होत जातो.

पैसा कुठून येतो

सोळा ते अठरा वयाच्या मुलांची फी सरकार भरतं. २०२४-२५ साली पूर्णवेळ विद्यार्थ्यामागे मूळ दर वर्षाला ४,८४३ पौंड होता; ज्या ट्रेडला महाग सामान लागतं त्याला वर थोडी भर मिळते. 'पूर्णवेळ' या शब्दाने फसू नका. वर्षाला ५८० तास शिकवलं की तो पूर्णवेळ कोर्स धरला जातो, म्हणजे आठवड्याला १५-१६ तास. हे वर्ग बहुधा तीन दिवसांत बसवतात. उरलेल्या दिवसांत मुलं सुपरमार्केटमध्ये काम करतात. भारतातून गेलेल्या आईवडिलांना हा धक्का असतो: मुलगा मंगळवारी दुपारी घरी कसा?

विद्यार्थी अठरा वर्षांचा झाला की त्याच कोर्ससाठी कॉलेजला मिळणारा दर कमी होतो. २०१४ मध्ये १७.५ टक्के कापला गेला. अठराव्या वर्षीही लेव्हल ३ करत असलेला मुलगा बहुधा तोच असतो ज्याला लेव्हल १ पासून सुरुवात करावी लागली, म्हणजे ज्याच्यावर जास्त मेहनत घ्यावी लागते. त्याच्याच मागचा पैसा कमी. यामागचं तर्कशास्त्र मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

मुलांच्या हातात पडणाऱ्या पैशाचीही एक कथा आहे. २००४ पासून गरीब घरच्या मुलांना कॉलेजात हजर राहिल्याबद्दल आठवड्याला ३० पौंडांपर्यंत भत्ता मिळायचा. बसचं भाडं आणि जेवण त्यातून निघायचं. २०११ मध्ये इंग्लंडने तो बंद केला. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने चालू ठेवला. इंग्लंडमध्ये आता कॉलेजकडे एक निधी असतो आणि गरज पाहून कॉलेजच वाटप करतं. तो मिळतो, पण मागावा लागतो.

एकोणिसाव्या वर्षानंतर हिशेब पूर्ण बदलतो. प्रौढांसाठीच्या सरकारी पैशाला २०२४ पासून अ‍ॅडल्ट स्किल्स फंड म्हणतात. लंडन, ग्रेटर मँचेस्टर अशा महापौर असलेल्या भागांत २०१९ पासून हा प्रौढांचा निधी स्थानिक यंत्रणेच्या हातात आहे, बाकी ठिकाणी केंद्राच्या. त्यामुळे एकच कोर्स नदीच्या अलीकडे फुकट आणि पलीकडे पैसे भरून, असं होऊ शकतं. काही गोष्टी सगळीकडे सारख्या: ज्या प्रौढाला इंग्रजी-गणितात ४ श्रेणीही नाही त्याला ती मिळवायचं शिक्षण मोफत. ज्याच्याकडे लेव्हल ३ ची कुठलीच पात्रता नाही त्याला काही ठरावीक क्षेत्रांतले लेव्हल ३ चे कोर्स २०२१ पासून मोफत. पण एकदा लेव्हल ३ झालं आणि दुसऱ्या क्षेत्रात पुन्हा लेव्हल ३ करायचं असेल, तर बहुधा स्वतःचा खिसा किंवा सरकारी कर्ज. बँकेतली नोकरी गेली म्हणून प्लंबिंग शिकायला आलेल्याला, शाळेत असताना ए लेव्हल केले होते हेच आड येतं.

या कर्जात एक चांगली सवलत दडलेली आहे. शाळा लवकर सोडलेल्या प्रौढांना विद्यापीठात जाता यावं म्हणून 'अ‍ॅक्सेस' नावाचा लेव्हल ३ चा डिप्लोमा असतो. नर्स होऊ पाहणाऱ्या कितीतरी बायका याच वाटेने गेल्या आहेत. त्यासाठी कर्ज काढलं आणि नंतर विद्यापीठातला कोर्स पूर्ण केला, तर अ‍ॅक्सेसचं उरलेलं कर्ज माफ होतं.

मालकांचा पैसा तिसरा. एप्रिल २०१७ पासून ज्या कंपनीचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर आहे तिला त्यावरच्या रकमेच्या अर्धा टक्का कर द्यावा लागतो, आणि तो पैसा अप्रेंटिसच्या प्रशिक्षणावर खर्च करता येतो. छोट्या मालकाला प्रशिक्षणाच्या खर्चातले ५ टक्के भरावे लागायचे. २०२४ पासून अप्रेंटिस २२ वर्षांखालचा असेल तर तेही नाही. कल्पना छान. झालं असं की मोठ्या कंपन्यांनी आपलाच पैसा वसूल करायला आधीपासून नोकरीत असलेल्या मॅनेजरांना मास्टर्सच्या बरोबरीच्या 'अप्रेंटिसशिप'वर घातलं. शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांची संख्या घटली. जानेवारी २०२६ पासून लेव्हल ७ ला हा पैसा बहुतांशी फक्त २२ वर्षांखालच्यांसाठी ठेवला गेला, पण तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं.

दारूच्या करातून निघालेली वर्कशॉपं

या कॉलेजांचं मूळ दोनशे वर्षं मागे जातं. १८०० साली जॉर्ज बर्कबेक नावाच्या डॉक्टरने ग्लासगोत कारागिरांसाठी यंत्रशास्त्राची मोफत व्याख्यानं सुरू केली. १८२३ मध्ये लंडनला मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट निघाली, आणि पुढे गावोगावी तशा संस्था झाल्या. १८८९ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलांना तांत्रिक शिक्षणासाठी छोटा कर लावायची मुभा मिळाली, पण खरा पैसा आला तो अपघाताने. १८९० मध्ये सरकारने दारूवर जादा कर बसवला. त्यातून परवाने रद्द होणाऱ्या गुत्तेवाल्यांना भरपाई द्यायचा बेत होता. मद्यविरोधी मंडळींनी गदारोळ केला, भरपाईचा बेत बारगळला आणि जमा झालेल्या पैशाचं काय करायचं हा प्रश्न उरला. तो कौन्सिलांकडे तांत्रिक शिक्षणासाठी वळवला गेला. लोक त्याला 'व्हिस्की मनी' म्हणू लागले. त्या काळातल्या कित्येक टेक्निकल स्कूलची प्रयोगशाळा अशी उभी राहिली.

१ एप्रिल १९९३ रोजी इंग्लंडमधली कॉलेजं कौन्सिलच्या हातातून सुटली आणि स्वतंत्र झाली. स्वतःची इमारत, स्वतःचे कामगार, स्वतःचं बँकखातं, आणि तोटा झाला तर तोही स्वतःचाच. त्या वेळी चारशेहून अधिक कॉलेजं होती. विलीनीकरणं होत होत आता जवळपास निम्मी उरली. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये सांख्यिकी कार्यालयाने ठरवलं की ही कॉलेजं सरकारी क्षेत्रातच मोडतात. त्यामुळे खासगी बँकेकडून कर्ज काढणं अवघड झालं. पण शाळांना परत मिळणारा व्हॅट कॉलेजांना परत मिळत नाही तो नाहीच. कर्ज घेताना सरकारी, कर भरताना खासगी.

याचा भार शेवटी शिक्षकांवर येतो. कॉलेजातल्या शिक्षकाचा पगार शाळेतल्या शिक्षकापेक्षा हजारो पौंडांनी कमी असतो, आणि ज्या ट्रेडचा तो शिक्षक आहे त्या ट्रेडमध्ये बाहेर त्याहून जास्त मिळतं. उत्तम इलेक्ट्रिशियनने साइट सोडून शिकवायला का यावं? बहुतेक जण येतात ते गुडघे दुखायला लागल्यावर किंवा घरी लहान मुलं असली म्हणून. त्यांच्यातले अनेक अव्वल शिक्षक होतात. पण एक जण सोडून गेला की त्याच्या जागी माणूस मिळेपर्यंत वर्ग कोण घेणार हा प्रश्न असतो, आणि बाहेर प्रवेशाची यादी लांबत जाते. गावात इलेक्ट्रिशियन कमी आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. २०२२ च्या कायद्याने तर मालकांच्या संघटनांनी प्रत्येक भागाचा कौशल्य आराखडा करायचा आणि कॉलेजांनी तो लक्षात घ्यायचा, असंही ठरवलं. आराखडा सांगतो वेल्डर हवेत. वेल्डिंगला जागा, धूर ओढणारी यंत्रणा, गॅस, धातू आणि महागडा मास्तर लागतो. बिझनेसच्या वर्गाला तीस खुर्च्या पुरतात.

प्रवेश घेण्याआधी

मूल किंवा नातलग इंग्लंडमध्ये असेल तर काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. प्रौढांच्या सरकारी पैशासाठी साधारणपणे आधीची ३ वर्षं तिथे कायदेशीर वास्तव्य लागतं. नुकतंच जोडीदाराच्या व्हिसावर पोचलेल्याला तोच कोर्स पूर्ण फी भरून करावा लागू शकतो, म्हणून व्हिसाची कागदपत्रं घेऊन प्रवेश विभागात आधी चौकशी करा. इंग्रजीच्या मोफत वर्गांना अनेक शहरांत प्रतीक्षा यादी असते. नाव सप्टेंबरमध्ये नाही, उन्हाळ्यातच घालावं.

ट्रेडचा कोर्स असेल तर एकच प्रश्न थेट विचारा: हा पूर्ण केल्यावर मला त्या कामाचं कार्ड मिळेल का, नसेल तर आणखी काय लागेल? गोलमोल उत्तर आलं तर मागच्या वर्षीच्या वर्गातले किती जण त्याच ट्रेडमध्ये नोकरीला लागले ते विचारा. प्रौढासाठी मात्र संध्याकाळचा छोटा कोर्स आणि पूर्ण पात्रता यांत फरक करा. 'घरगुती दुरुस्ती'चा दहा आठवड्यांचा वर्ग घरासाठी छान, धंद्यासाठी निरुपयोगी.

आणि निवड चुकली असं वाटलं तर थांबू नका. सोळा ते अठराच्या वर्षभराच्या कोर्सला विद्यार्थी पहिले ४२ दिवस टिकला की मगच तो कॉलेजच्या निधीच्या मोजणीत येतो. शिवाय यंदाचा निधी मुख्यतः गेल्या वर्षीच्या पटसंख्येवर ठरलेला असतो, म्हणजे आज मोजलेल्या डोक्याचे पैसे कॉलेजला पुढच्या वर्षी दिसतात. त्यामुळे त्या पहिल्या ६ आठवड्यांत मुलाने कॉलेज सोडून जाण्यापेक्षा सुतारकामातून प्लंबिंगला गेलेलं कॉलेजलाही परवडतं, आणि बहुतेक ठिकाणी शिक्षक स्वतःच दुसऱ्या वर्कशॉपमध्ये एक दिवस बसून बघायला सांगतात. ऑक्टोबरच्या अखेरच्या सुट्टीनंतर मात्र जागा भरलेल्या असतात, सुरक्षेचे धडे होऊन गेलेले असतात, आणि मग पुढच्या सप्टेंबरची वाट बघावी लागते.